सावनीचा हात

जेवणाच्या टेबलावर सावनीचा हात फिरायचा थांबला आणि तिच्या आईच्या, सुचित्राच्या, मनात पाल चुकचुकली.

हात फिरायचा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सावनी बर्फावरच्या शर्यतींत उतरते. उतारावर खांब रोवलेले असतात. पायांत लांब स्की बांधून त्यांना डावी-उजवीकडून वळसे घालत सुसाट खाली यायचं. शर्यतीच्या सकाळी खेळाडूंना तो मार्ग कडेकडेने सावकाश उतरून नुसता बघू देतात, त्यावर सराव करू देत नाहीत. मग वर उभं राहून जो तो डोळे मिटतो, तळहात पुढे धरतो आणि मनातल्या मनात खाली उतरतो. हात डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सावनीला ही सवय इतकी जडली होती की घरी ताट समोर असतानाही आदल्या सरावाचा मार्ग तिचा हात फिरून यायचा.

"आमटी सांडशील," सुचित्रा म्हणायची. ती कधी सांडली नाही.

हे कुटुंब मूळचं पुण्याचं, पण सावनीचा जन्म ओमानमधल्या सोहारचा. वडील कृष्णकांत तिथल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनीअर. सातव्या वाढदिवसाला तिला दुबईतल्या मॉलमधला बर्फाचा उतार दाखवायला नेलं, तर पोरगी तिथून हलेचना. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी गाडी सीमेकडे निघू लागली. नाक्यावरचा शिपाई त्या लांबलचक पिशवीकडे संशयाने बघायचा, ती उघडायला लावायचा, आतल्या स्कीवर टकटक करायचा, मग बाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बघून "यल्ला", म्हणजे चला, म्हणत सोडून द्यायचा. कृष्णकांतला वैताग यायचा. सुचित्राला मात्र त्या माणसाबद्दल आपुलकी वाटे. पिशवी उघडून बघितल्याशिवाय तिलाही चैन पडत नसे.

गुलमर्गच्या पहिल्या शर्यतीत सावनी तिसऱ्याच खांबापाशी आडवी झाली होती. तोंडभर बर्फ घेऊन उठली आणि हसली. पुढे कनिष्ठ गटात पदकं आली, मोठ्या गटात नाव झालं, आणि एकोणिसाव्या वर्षी इटलीतल्या शर्यतीसाठी तिची निवड झाली. राखीव म्हणून एक मुलगी होतीच. सावनीने जागा सोडली तर ती तिची.

आणि नेमका आत्ताच हात थांबला. शेवटच्या सरावाहून आल्यापासून सावनी खाली मान घालून जेवायची आणि खोलीत जाऊन दार लावायची.

मग मटार. सुचित्राने उसळीसाठी फ्रीझरमधून पाकीट काढलं, तर दाणे एकमेकांना चिकटून दगड झालेले.

"फ्रीज बिघडला असेल," कृष्णकांत म्हणाला.

"मग आईस्क्रीम कसं जसंच्या तसं? हे पाकीट कुणीतरी बाहेर काढून ठेवलं होतं. विरघळलं आणि परत गोठलं."

"अगं, तू पोलिसात जायला हवं होतंस. मटारांची जबानी घेतली असतीस."

"तुम्ही हसा."

तिला आधी वाटलं, मुलगा असणार. सरावाला यशोधन नावाचा एक उंच पोरगा असे, त्याच्यावर तिने मनातल्या मनात बराच ठपका ठेवला. पण एका दुपारी बंद दारातून सावनीचा दबका आवाज आला, "अदीबा, प्लीज. आईला नको." अदीबा म्हणजे सावनीकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. सुचित्रा दाराशीच उभी राहिली. यशोधन बिचारा त्या क्षणी सुटला. मटार, बंद दार आणि अदीबा आता एका ओळीत उभे राहिले होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने सावनीला टेबलाशी बसवलं.

"मागच्या शुक्रवारचा मार्ग दाखव मला."

"आत्ता? आई, माझं पॅकिंग आहे."

"झालंय. मी बघितलं."

"तू माझी बॅग उघडली?"

"उघडली. डोळे मीट."

सावनीने डोळे मिटले, हात पुढे धरला. उजवीकडचं वळण सुरेख गेलं. डावीकडे हात किंचित अडला आणि घाईने पुढे सरकला. उजवीकडे परत सुरेख, डावीकडे परत अडला. इतकी वर्षं सुचित्रा थर्मास घेऊन त्या उताराच्या काचेपलीकडे उगाच बसली नव्हती. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर येतो, हे तिला ठाऊक होतं.

"उजवा गुडघा," ती म्हणाली.

"काय नाही झालंय. तू ना, उगाच डाउट घेते."

"मग परत फिरव."

या वेळी सावनीने हात जोरात फिरवला. दोन वळणं तिने रेटून नेली. तिसऱ्या डाव्या वळणावर हात पुढे जाईना. तिने तो मांडीवर ठेवून दिला.

"म्हणूनच तुझ्यासमोर करत नव्हते," ती म्हणाली. "एकच रेस आहे, आई. आल्यावर डॉक्टरला दाखवते, प्रॉमिस. नाही गेले तर माझी जागा गेली."

सुचित्राने तिचा फोन तिच्याकडे सरकवला. "अदीबाला लाव. स्पीकरवर."

"आंटी," अदीबा पलीकडून म्हणाली, आणि तिचा आवाज सुटका झाल्यासारखा वाटला, "मैं तो इसको रोज बोल रही थी, स्कॅन करवा लो."

संध्याकाळी स्कॅन झालं. गुडघ्यातला अस्थिबंध अर्धा फाटला होता. पूर्ण वेगात एक धक्का बसता तर उरलेलाही तुटला असता, असं डॉक्टर म्हणाले. इटलीला राखीव मुलगी गेली. सावनी कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलली, आणि सुचित्राने ते चालवून घेतलं. सुजेवर लपूनछपून ठेवलं जाणारं मटारांचं गार पाकीट मात्र आता उघडपणे गुडघ्यावर बसू लागलं. उसळीसाठी वेगळं पाकीट येऊ लागलं.

पुढच्या हिवाळ्यात सावनी परत उतारावर उभी राहिली. पहिल्या सरावानंतर रात्री जेवताना तिने डोळे मिटले आणि ताटावरून हात सोडला. सुचित्राने वाढता वाढता डाव हवेतच थांबवला. डावं वळण गेलं. पुढचं डावंही गेलं.

सावनीने एक डोळा किलकिला केला. "आई, तू चेक करते ना?"

"छे," सुचित्रा हातावरची नजर न काढता म्हणाली. "आमटी सांडेल म्हणून बघतेय."