पडद्याची धून

डेस्मंड पास्को पहिल्यांदा डोळ्यांत भरला तेव्हा तो ग्रामोफोनची तबकडी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत होता. लॉर्नाबाईंना वाटलं, पुसतोय. तो प्रतवारी करत होता.

चाळीस वर्षं त्याने कारूला गावाच्या परिसरातल्या मेंढ्या कातरायच्या शेडमधून लोकरीची प्रत ठरवली होती. निवृत्तीनंतर आणि बायको जॉइस गेल्यानंतर दर बुधवारी तो गावच्या रेडिओवर यायचा. नजर गेलेल्या श्रोत्यांसाठी लॉर्नाबाई जुन्या कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करत, आणि प्रकरणाच्या शेवटी कोणतं शास्त्रीय संगीत लावायचं ते डेस्मंड ठरवी. कादंबरी त्याने एकही वाचलेली नव्हती.

"ही बघ, पोटाकडची लोकर," म्हणत एखादी लष्करी धून तो बाजूला सारायचा. "आखूड आणि मळकी. तुझ्या नायिकेला टोचेल."

"आणि माझं शेवटचं वाक्य गिळतोस, त्याचं काय?" लॉर्नाबाई म्हणत. शाळेत एकतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेली बाई. "वाक्य संपू दे, मग वाजव. किती वेळा सांगायचं?"

"सांधा दिसता कामा नये, लॉर्ना."

गेल्या हिवाळ्यात लग्नाचं प्रकरण आलं. डेस्मंडने ऑर्गनची एक संथ धून काढली. लॉर्नाबाई तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, म्हणून ती त्यांनी ऐकली नाही.

शुक्रवारी दुपारी कार्यक्रम लागला. त्यांच्या आवाजात नवरदेव बोहल्याशी पोचला, आवाज हळूहळू बुडाला आणि कारूलाच्या दहनगृहात शवपेटीपुढचा पडदा सरकताना जी धून वाजते ती सुरू झाली. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला ती पाठ होती. श्रोत्यांनी सरळ अर्थ लावला: जुनं ध्वनिमुद्रण, त्यावर पडद्याची धून, म्हणजे बाई गेल्या.

साडेचारला शेजारच्या मिसेस कीटली, दुखवट्याच्या घरी नेतात तसं, भाजलेल्या पास्त्याचं भांडं घेऊन दारात उभ्या. दार लॉर्नाबाईंनीच उघडलं.

"तू आहेस होय?" मिसेस कीटली जरा खट्टूच झाल्या. "असू दे. केलंय तर घे. भांडं मात्र परत कर."

संध्याकाळपर्यंत अशी सहा भांडी जमली. चारांत टूना मासा होता.

सोमवारी रेडिओच्या समितीची बैठक भरली. अध्यक्ष ग्लेनिस हॉकिंग समोर कागद ठेवून बसल्या होत्या. "यापुढे संगीत संगणक निवडेल. डेस्मंड, तुझे आभार मानणारा ठराव तयार आहे."

डेस्मंडने टोपी मांडीवर फिरवली. बुधवार सोडला तर तो गावात येतच नसे, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुला ती धून कुठली ते खरंच माहीत नव्हतं?" ग्लेनिसनी विचारलं.

"कुठेतरी ऐकली होती. कुठे ते आठवेना. ऐकली तेव्हा जॉइसचा हात हातात असल्यासारखं वाटलं होतं, एवढंच ध्यानात राहिलं. म्हटलं, लग्नाला बरी."

लॉर्नाबाई जॉइसच्या अंत्यसंस्काराला गेल्या होत्या. डेस्मंड पहिल्या रांगेत होता, पडद्याकडे न बघता स्वतःच्या तळहाताकडे बघत. गावाबाहेर राहणारा, लोकांत न मिसळणारा हा माणूस त्या दहनगृहात गेला होता तो तेवढ्या एकदाच.

शुक्रवारपासून तयार ठेवलेलं कडक भाषण त्यांनी गिळलं.

"ग्लेनिस, मी दहा वर्षं वाचतेय. कार्यक्रम ऐकून कुणाचा एक फोन आला कधी?"

"नाही."

"या वेळी किती आले?"

"सतरा," ग्लेनिसनी कागद पाहिला. "शोकाचे होते ते."

"असेनात का. शेवटपर्यंत कुणीतरी ऐकतं, हे दहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. संगणकाला हे जमलं असतं का? फक्त माझं वाक्य संपेपर्यंत याने हात आवरावा, असा ठराव करा."

ठराव तसाच झाला. डेस्मंड पुटपुटला, "मग सांधा दिसेल." कुणी लक्ष दिलं नाही.

आता तो गावातल्या प्रत्येक अंत्यसंस्काराला जातो, ओळख असो वा नसो. शेवटच्या रांगेत बसून, वाजलेली धून वहीत टिपून घेतो. लग्नाच्या प्रकरणांना लावायच्या नाहीत, अशा अकरा धुना त्या वहीत झाल्या आहेत.