घरट्यांचं उद्घाटन

नवा रायपूर तेव्हा म्हणजे नुसते रुंद रस्ते. मी ते रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर आणि नवरा वनखात्यात. या दोन खात्यांचं एकमेकांशी कधी पटायचं नाही. आम्ही रस्ता आखला की ते झाड दाखवायचे, त्यांनी झाड दाखवलं की आमचे साहेब कपाळाला हात लावायचे. आम्ही नवरा-बायको मात्र तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये रोज एकाच टेबलावर जेवायचो, त्यामुळे भांडण वरणभातासोबत घरीही यायचं.

त्या वर्षी आमचा रस्ता एका गावाच्या वेशीवरच्या चिंचांवरून जाणार होता. चिंचांवर घोंघिल उतरले होते. घोंघिल म्हणजे शेतातल्या गोगलगायी खाणारे पांढरे-काळे करकोचे. फांदीफांदीवर घरटी होती, काहींत अंडी, काहींत नुकतीच निघालेली पिल्लं. झाडं तोडली तर सगळी जमिनीवर येणार हे उघड होतं.

"मले फक्त दिवाळीपर्यंत वेळ दे," जेवताना नवरा म्हणाला. "पिल्लं उडाली की मग आपण बोलू."

"मी मशिनी दुसऱ्या टोकाला नेते," मी म्हटलं. "पण तुमच्या साहेबांना लेखी द्यायला लावा, नाहीतर माझे साहेब मला खाऊन टाकतील."

आणि चक्क जमलं! दोन्ही खात्यांचे साहेब एका गाडीत बसून आले, झाडांखाली उभे राहिले आणि हो म्हणाले. त्या आठवड्यात मी जमिनीवर चालतच नव्हते. सदर बाजारात साडी घेताना दुकानदारालासुद्धा मी ही गोष्ट ऐकवली. बिचारा साडीची घडी उलगडतच राहिला.

आता खरं म्हणजे काहीच करायचं उरलं नव्हतं. झाडांजवळ जायचं नाही, एवढंच काम. पण काहीच न करणं सरकारी कामात बसत नाही. दोन खात्यांनी मिळून पाखरं वाचवली, तर ते दिसायला नको? मग कार्यक्रम ठरला. झाडांच्या बुंध्यांना लाल-पांढरे पट्टे, भोवती कुंपण, एक मोठा फलक, फलकावर पडदा आणि पडदा बाजूला सारायला मंत्रालयातले मोठे पाहुणे. मांडव थेट चिंचांच्या सावलीत घातला, कारण पाहुण्यांना ऊन लागायला नको.

त्या गावात लग्नाची वरातसुद्धा चिंचांपाशी आली की बाजा थांबवायची आणि पार ओलांडला की पुन्हा सुरू करायची. फटाके फुटायचे ते गावाबाहेर, नाल्यापलीकडे. हे आम्हाला ठाऊक होतं, नवऱ्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं. तरीही त्या दिवशी तिथे धुमाल पार्टी उभी होती. ढोल, ताशे, भोंगे लावलेली गाडी, सगळं. ती कोणी बोलावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोठा माणूस येणार म्हटलं की आपल्याकडे बाजा येतोच, कोणाला सांगावं लागत नाही. गावकरी एका बाजूला गप्प उभे होते. सरकारला हवं असेल, असं त्यांनी धरलं असणार.

पाहुण्यांची गाडी थांबली आणि ढोल वाजला. एकदम सगळी चिंच हलली. शेकडो पाखरं एकाच वेळी वर उठली, मांडवाचं कापड फडफडलं. माइकवरचा माणूस ओरडला, "देखिए, पक्षी भी स्वागत कर रहे हैं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. वाजवता वाजवताच मला कळलं की ही स्वागताला नव्हे, जीव घेऊन पळताहेत. मी नवऱ्याकडे बघितलं, तो गणवेशात ताठ उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो माइकपाशी गेला आणि त्याने दोन्ही खात्यांचे आभार मानले. आम्हा दोघांना शाल आणि नारळ मिळाला. भाषणं लांबली. मधूनमधून ढोल वाजत होता, आणि रिकाम्या घरट्यांवर कावळे उतरत होते. मांडवाच्या कापडावर काहीतरी पडल्याचा आवाज आला, पुन्हा आला. सगळ्यांनी ऐकला असणार, पण वर कोणी बघेना.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "काहून थांबवलं नाही तुम्ही?"

"तू काहून नाही थांबवलं?" तो म्हणाला.

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. साहेब बसले होते. त्यांच्यासमोर बाजा बंद करा म्हणायला आम्ही घाबरलो. इतकं साधं, इतकं लाजिरवाणं.

काही घोंघिल संध्याकाळी परतले, पण अंडी फुटलेली होती आणि पिल्लं कुंपणाच्या आत मरून पडली होती. आठवडाभरात तेही गेले. झाडांवर काही राहिलं नाही म्हटल्यावर वनखात्याची हरकतही राहिली नाही. पाऊस संपताच चिंचा पडल्या. दोन्ही खात्यांत एवढं एकमत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वर आमच्या सहकार्याचं मंत्रालयात कौतुक झालं, आणि असंच काम पुढच्या रस्त्यावरही करायचं ठरलं.

पुढचा रस्ता पलीकडच्या गावावरून जाणार होता. तिथल्या पिंपळावरही घोंघिल होते. आम्ही पाहणीला जायच्या आधीच त्या गावची काही माणसं माझ्या ऑफिसात आली. म्हातारी, जाणती माणसं. खुर्च्या दिल्या तरी बसेनात. त्यातल्या एका आजोबांनी हात जोडले. मला वाटलं, झाडं वाचवा म्हणायला आले असतील. मी हसून पाणी मागवलं.

"मैडम, रद्दा बनाना हे त बना लेव," आजोबा अगदी अदबीने म्हणाले. "फेर हमर चिरई मन ला बचाए बर झन आहू."

रस्ता करायचा तर करा, पण आमची पाखरं वाचवायला येऊ नका. त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. राग नव्हता, विनवणी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी मान खाली घालून "हव" म्हटलं.