बारा वॉरंटं आणि एक सुभेदार

सांगलीतल्या ज्या कंपनीत मी हेडक्लार्क होतो, तिथं डिव्हिडंड वर्षातून एकदा निघायचा आणि किस्सा रोज. डिव्हिडंड लोकांनी नेला, किस्से माझ्याकडे साचले. आता एक ओढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात. खोटा एकही नाही. कुठं मीठ जास्त लागलं, तर हात माझा आहे!

कंपनी स्वतः एक वीट रचायची नाही. कुणी नदीवर पूल बांधतोय, कुणी वीजघर काढतोय, त्यांना भांडवल पुरवायचं. त्यासाठी लोकांचे पैसे घ्यायचे आणि कागद द्यायचे. कागद दोन जातींचे. एक साधा शेअर. त्याच्यावर मालकाचं नाव, आमच्या वहीतही नाव. दुसरं शेअर-वॉरंट. त्याच्यावर कुणाचंच नाव नाही. ज्याच्या हातात कागद, तो मालक. खाली कुपनं असायची. ती कापून आणायची आणि डिव्हिडंड न्यायचा.

दर्शनी किंमत दोन्हींची एकच. मग खरी किंमत कुणाची जास्त? या प्रश्नापायी आमचे मॅनेजर अण्णासाहेब यांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केसही गेले.

*

जतकडचे मल्लाप्पा मेंढरंवाले आमचे शेअरहोल्डर. शेअर एक, पण रुबाब शंभराचा. एकदा कळप घेऊन आमच्या भांडवलाच्या पुलावर आले आणि नाकेदारानं टोल मागितला.

“माझाच पूल, आन् मीच टोल देऊ काय री?”

नाकेदार बेरकी. म्हणाला, “पाव्हणं, शेअर तुमचा एक. पुलाला दगड हजारो. तुमच्या वाटणीला एकच दगड येतो.”

“मग त्यो दाखव री. तेवढ्यावरनं मेंढरं नेतो.”

“तो पाण्याखाली आहे. पायाचा!”

मल्लाप्पांनी कठड्यावरून वाकून बराच वेळ पाण्यात बघितलं, गुमान टोल भरला आणि गेले. आठवड्यानं ऑफिसात हजर. आम्ही म्हटलं, आता भांडण! तर म्हणाले, “अजून एक शेअर द्या री. पायाला नुसता एक दगड बरा न्हवं. हलला म्हंजे?”

*

वॉरंटवाल्यांची तऱ्हा वेगळी. वाईच्या एका काकूंनी माहेरच्या पैशांतून गुपचूप वॉरंट घेतलं. अट एकच, यजमानांना कळता कामा नये. मी म्हटलं, “काकू, त्याच्यावर नावच नसतं.” काकू खूश.

पुढच्याच महिन्यात त्यांचे यजमान आले. त्यांनाही वॉरंट हवं होतं, आणि हिला कळता कामा नये!

डिव्हिडंड निघाला. काकू कुपन घेऊन आल्या. मी नंबर बघितला, तर यजमानांच्या वॉरंटाचा. चार दिवसांनी यजमान आले. त्यांचं कुपन काकूंच्या वॉरंटाचं! दोघांनीही कागद गणपतीच्या एकाच तसबिरीमागं लपवला होता, आणि घाईत हाताला लागेल तो कापला होता.

मी दोघांनाही पैसे मोजून दिले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. पुढं सात वर्षं तो संसार सुखाचा चालला. एकट्या अण्णासाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “आता या गुपिताची किंमत मी वॉरंटात कशी धरू?”

*

महायुद्ध संपलं आणि डायरेक्टरांनी ठरवलं, बिननावी कागद नकोत. सगळी वॉरंटं परत घ्यायची आणि बदल्यात शेअर द्यायचे. किती वॉरंटांना किती शेअर, ते अण्णासाहेबांनी सुचवायचं.

अण्णासाहेबांनी मला हळदीच्या बाजारात पिटाळलं. तिथला सौदा रुमालाखाली. आडत्या रुमाल टाकणार, खाली बोटं दाबणार, तो भाव. मी शेअर दाखवला. आडत्या रुमालाला हात न लावता चारचौघांत मोठ्यानं भाव बोलला. वॉरंट दाखवल्याबरोबर त्यानं रुमाल टाकला आणि माझी पाची बोटं अशी दाबली, की दुसऱ्या दिवशी मला सही करता येईना!

मी विचारलं, “शेट, याला रुमाल कशाला?”

“ज्या मालाला नाव आहे, त्याचा भाव उघड. बिननावी मालाचा भाव मोठ्यानं बोलतात होय? जास्तच देतो मी. पण तुमच्या कंपनीचा दर ठरेपर्यंत हात लावणार नाही.”

मी बोटं चोळत सगळं सांगितलं. अण्णासाहेब म्हणाले, “चूक! शेअर हरवला तर वहीत नाव आहे. वॉरंट हरवलं तर काय आहे? म्हणून वॉरंट पाऊण किमतीचं. चार वॉरंटांना तीन शेअर!”

*

हा दर पेपरात छापून आला आणि तिसऱ्या दिवशी माणातून गणपत सुभेदार आले. वर्दी उतरली होती, ताठा तसाच. बगलेत गोळ्यांची रिकामी लोखंडी पेटी, पेटीत बारा वॉरंटं. पलटणीतली सगळी पुंजी. लष्करानं मोडीत काढलेली एक लॉरी त्यांनी पुण्यात हेरून ठेवली होती. म्हसवड-दहिवडी सर्व्हिस सुरू करायची होती. बारा वॉरंटांचे बारा शेअर झाले, तर ते विकून लॉरी येणार. इसारही दिला होता.

“चाराला तीन म्हंजे बाराला नऊ,” सुभेदार म्हणाले. “आवं सायेब, लॉरीला चाकं चार असत्यात. तुमी मला तीन चाकांवर दहिवडीला धाडताय!”

अण्णासाहेबांनी तपासायला वॉरंट मागितलं. सुभेदारांनी एक कोपरा पुढं केला, दुसरा सोडला नाही. “तुमी वाचा, मी धरतो. ज्येच्या हातात, त्यो मालक, न्हवं?”

बारा वॉरंटं तशीच तपासली. दोघं समोरासमोर, मधे कागद. बाहेरून कुणाला वाटावं, धोतर पिळतायत!

शेवटी अण्णासाहेब म्हणाले, “दराचा निकाल वार्षिक सभेत मतांनी लागेल. तुमची बारा मतं आहेत. पण नियम असा, वॉरंटवाल्याला मत द्यायचं तर कागद तीन दिवस आधी कंपनीत जमा करायचा.”

सुभेदार विचारात पडले. “सोडलं तर मालक तुमी. न्हाई सोडलं तर मत न्हाई.”

“तसंच.”

“मग कागदासंगं मी बी जमा व्हतो!”

आणि खरोखरच माणूस तिजोरीच्या खोलीत पेटीवर ठाण मांडून बसला! भाकरी तिथं, झोप तिथं. वर म्हणाला, “पावती द्या. आमच्या स्टोअरात पावतीबिगर टाकलेली चीज परत गावत न्हाई.”

अण्णासाहेबांनी चिडून पावती खरडली, सही ठोकली, शिक्का मारला : ‘वॉरंटं बारा, सुभेदार एक. एकूण नग तेरा, मतांसाठी जमा.’

*

सभेला हॉल भरला. सुभेदारांना पेटीसकट तिजोरीतून थेट पहिल्या रांगेत आणून बसवलं. एका वॉरंटाला एक शेअर, या सुभेदारांच्या मागणीवर मतं पडली. दर शेअरला आणि जमा केलेल्या दर वॉरंटाला एक मत. मोजणी माझ्याकडे. विरुद्ध साठ. बाजूनं शेअरवाल्यांची अठ्ठेचाळीस, आणि वॉरंटं जमा करणाऱ्या एकट्या सुभेदारांची बारा. साठ!

बरोबरी. आता अध्यक्षांचं मत निर्णायक, आणि अध्यक्ष अण्णासाहेबांचे जिवलग. सुभेदारांनी पेटी छातीशी धरली. पहिल्यांदाच त्यांचा ताठा उतरलेला दिसला.

मी उठलो. “अध्यक्षमहाराज, एक नग मोजायचा राहिलाय,” म्हणून पावती त्यांच्यापुढं ठेवली.

अध्यक्षांनी ती दोनदा वाचली. सही बघितली, शिक्का बघितला. चष्मा काढून म्हणाले, “अण्णासाहेब, मतांसाठी नग तेरा जमा, हे तुमचंच अक्षर?”

“अक्षर माझंच. पण तेरावा नग म्हणजे...”

“म्हणजे काय? वॉरंट की शेअर?”

अण्णासाहेबांनी तोंड उघडायच्या आत सुभेदार टाचा जुळवून उभे राहिले.

“शेअर, सायेब! मला नाव हाय!”

अध्यक्षांनी चष्मा परत चढवला. मग दौत पुढं ओढली आणि लिहिलं : बाजूनं एकसष्ट.