पहिली धार भुईला

चकलांब्याच्या चारा छावणीत भामाबाईचा कशावरच भरवसा नव्हता. टँकरच्या पाण्यावर नव्हता, पेंडीच्या पोत्यावर नव्हता, आणि शेजारचा सुग्रीव नुसता हसला तरी तिला वाटायचं, ह्यानं कायतरी केलंय. दुष्काळात तिची एकच म्हैस सोसायटीला दूध घालत होती. आता तिचीच कास दगडासारखी झाली. दुधाऐवजी पिवळं पाणी येई. सकाळी सोसायटीचे डॉक्टर गहिनीनाथ सुई टोचून गेले, अन दुपारी म्हशीच्या अंगाचा तवा झाला.

"सुग्रीव, तुझा गमजा माझ्या खुट्यापाशी कावून रं?"

"वाऱ्यानं गेला आसंल, मामी."

"वाऱ्याला बरा माझाच खुटा गावला!"

तेवढ्या गमज्यावरून तिनं असा गळा काढला, की निम्मी छावणी काठ्या घेऊन धावली. कुणी करणी म्हणालं, कुणी विष. सुग्रीवला कुणी हात लावला न्हाई, पण त्या रेटारेटीत दोघांचाही कडबा तुडवून निघाला.

डॉक्टर परत आले, तर ती म्हशीला आडवी. "तुमी टोचलं अन ताप लई चढला. कुणी पाठवलं तुमाला?"

डॉक्टर थांबत थांबत, गोळी गिळल्यासारखे बोलायचे. "सुईनं जंतू मेले, बाई. पण मरताना त्यांच्या सालीचे तुकडे सुटतात. तेच जहर. रक्तातल्या राखणदार पेशींना ती साल दिसली, की त्या रसायन सोडून बाकीच्यांना हाका मारतात. सगळ्या कासेकडं धावतात. सूज, ताप, सगळा त्या गर्दीचा. आता गर्दी शांत करायची सुई द्यायचीय."

भामाबाईनं तुडवलेल्या कडब्याकडं बघितलं. "अन जंतू आणले कुणी?"

"धार काढून दाखवा."

ती बसली. रीतीप्रमाणं पहिली धार भुईला दिली. रानात ती भुई उन्हानं वाळायची. इथं धार शेणात मुरायची, अन बांधलेली म्हैस कास टेकून त्याच ओलीत बसायची.

"जंतू ह्याच ओलीत पोसतात अन सडातून आत शिरतात. रीत राहू द्या," डॉक्टर म्हणाले, "पण वाटीत काढून लांब ओता."

ती धारेवरनं उठली. मग बाजूला झाली. "टोचा."

दिवस मावळता म्हशीनं उसाच्या वाढ्याला तोंड लावलं. म्हैस वाचली, एक सड मात्र कायमचा आटला.

सकाळी भामाबाई वाटी लांब रिकामी करून आली, ती सुग्रीवच्या दावणीपाशी थांबली. "तू पहिली धार कुठं देतो रं?"

"भुईला."

"मग तुझ्या म्हशीची जागा बदल."

सुग्रीवनं तिला खालवर न्याहाळलं. "कावून, मामी? माझा खुटा पायजे का तुमाला?"