आवाज बंद केलेला धवळा

चौक गावात माझं फोटोचं दुकान आहे. त्यासोबत लग्नं लाईव्ह दाखवायचा धंदा. लग्न म्हटलं की डीजे, आणि डीजे म्हटलं की सिनेमाची गाणी. ती लाईव्हमध्ये वाजली की कॉपीराइट आडवा येतो. माझ्या चॅनलला दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी आली असती तर चॅनल बंद. म्हणून मी नियम केला होता, डीजे सुरू झाला की माईक बंद. या हुशारीचा मला भारी अभिमान होता.

पुतणीची हळद कडावला होती. आई धवलारीण, हळदीला आणि लग्नाला धवळे गायची आणि गाताना घरच्या माणसांची नावं त्यात गुंफायची, मांडवात नसलेल्यांचीसुद्धा. थोरली बहीण मस्कतला, तिला रजा मिळाली नाही. सकाळीच तिचा फोन आला, "आईच्या धवळ्यात माझं नाव येतं का, तेवढंच ऐकायचंय रं."

आईनं धवळा उचलला आणि नेमकं तेव्हाच डीजेवाल्यानं मांडवाबाहेर गाणं लावलं. मी सवयीनं माईक बंद केला आणि त्याच्याशी भांडायला बाहेर गेलो. भांडण लांबलं. परत आलो तर आई पदरानं घाम पुसत होती. मोबाईलवर बहिणीचे मेसेज एकाखाली एक साचले होते, "आवाज नाय", "आवाज नाय रं".

दुसऱ्या दिवशी तिनं आईला फोनवर गायला सांगितलं. आई म्हणाली, "धवळा मांडवातच म्हणायचा गं, रिकामा नाय म्हणत."

"निदान माझं नाव घेतलंस का, ते तरी सांग."

"पुढच्या लग्नाला ये न् ऐक," आई हसून म्हणाली. मीही तिला कधी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? हळदीला बसलेल्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्या डीजेपुढं कुणाला काय ऐकू येतंय.

पुढच्या लग्नाआधीच आई गेली. ध्यानीमनी नसताना, दोन दिवसांच्या तापानं.

बहीण पोचली तोवर अग्नी देऊन झाला होता. दहाव्याच्या दुपारी तिनं ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. चॅनल शाबूत होतं, ताकीद आली नव्हती, आणि आई नुसते ओठ हलवत होती. बहीण मोबाईल डोळ्यांजवळ धरून तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागं नेत राहिली. मला माझीच इतकी चीड आली की मी खाली मान घालून बसलो.

"हितं बघ. हितं माझं नाव हाय ना रं?"

"हाय," मी म्हणालो.

तिनं मोबाईल खाली ठेवला. "मग कसं घेतलं, तेवढी ओळ म्हण."