तानुबाईनं चुडा भरला नाई

सूड कसा घ्यावा ते तानुबाईपासून शिकावं. शेजारीन होती म्हनून तारीफ नाई करून राहिली. माह्या डोयानं पायलं.

अकोटाजवयचं आमचं गाव. तानुबाईचं माहेर बी तेच अन् सासर बी तेच. नवरा गरीब, वावर थोडं. कपाशी वेचाले गेली का गड्यायले मागं टाके, अन् तोंड असं तिखट का पाटील बी वाट बदले. खुशालराव तिचा लहान भाऊ. माय मेल्यावर हिच्याच पदराले नाक पुसून मोठा झाला. हिले एकच पोर, रुख्मिनी, अन् तिच्यातच हिचा जीव.

एका संक्रांतीले, हयदीकुकवाच्या दिवशी, खुशालरावानं सगया बायकायसमोर रुख्मिनीच्या हातात हिरव्या बांगड्या भरवल्या. म्हने, "आजपासून हे माह्या पोराची, गोवर्धनाची." आमच्याकडं मामानं असं बोलून बांगड्या भरवल्या का सोयरीक पक्की. मंग कोनी दुसरा त्या पोरीले मागत नाई.

पुढं साता समुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली, अन् इकडं कपाशी सोन्याच्या भावानं जाऊ लागली. खुशालराव असा शेफारला, बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या! अन् गोवर्धनासाठी अमरावतीच्या कापूस दलालाची पोर ठरवली. मंग रुख्मिनीचं काय? तं गावात हयूच सोडून देलं, "पोरीत खोट हाये." सख्खा मामा! मेल्याची जीभ कशी झडली नाई! आधीच बांगड्या भरलेली पोर, वरतून खोटीचा डाग. कोन करते तिले? एक पाहुना दारात आला नाई.

तानुबाई रडली नाई. मले म्हने, "त्याच्याच तोंडून वदवीन, अन् त्याच्याच मांडवात."

लग्नाआधी मांडवात चुडा भराची रीत. पयला मान घरच्या लेकीचा. तिचे हात भरल्याबिगर दुसरी कोनी बाई हात पुढं करत नाई, अन् नवरीचा चुडा बी घरातून निंघत नाई. तो चुडा न्याले नवरीची मावशी अमरावतीहून येऊन बसली होती. म्हनून खुशालरावानं बहिनीले मानानं बोलावलं. त्याले पक्कं ठावं, सवाशीन बाई बांगड्याले नाई म्हनत नाई. नवऱ्याले अपशकुन होते. तिथंच फसला.

हाजराबी मन्यारीन बांगड्यायचा पेटारा उघडून बसली. तानुबाईनं पदर सारला अन् दोन्ही हात पुढं केले. व माय! मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा खचाखच! आदल्या दिवशी अकोटच्या बाजारातून भरून आली होती. एक बांगडी शिरीन एवढी बी जागा नाई.

"अवो बाई, कुठं भरू?" हाजराबी म्हने.

"भर ना. मी कुठं नाई म्हनून राहिली?"

सवाशिनीचा धड चुडा कोन फोडन? हाजराबीनं कानाले हात लावला. बायकायनं आपापले हात पदरात घेतले. खुशालराव बहिनीजवय आला.

"बाई, दोन-चार वाढव ना, जागा होईन. पाया पडतो तुह्या."

"आधी सांग. माह्या पोरीत काय खोट हाये?"

त्यानं मावशीकडं पायलं, मंग खाली पायलं. "काई नाई."

"मोठ्यानं!"

"रुख्मिनीत काई खोट नाई. मोठं घर भेटलं म्हनून म्या शब्द मोडला. खोटीचं बी म्याच पसरवलं."

मले तं असं वाटलं, उठून फुगडी खेयावं! खुशालरावानं हात जोडले, "आता तं भर, बाई."

तानुबाई उठून उभी राहिली. "तू बोलल्यावर भरीन, असं म्या कवा म्हनलं?"

मावशी बी उठली. "जो सख्ख्या भाचीले खोटा डाग लावते, तो आमच्या पोरीचं काय करन?" म्हने, अन् गाडी जुंपाले सांगतली. खुशालराव गाडीमागं पयत गेला. पन गाडी थांबली नाई, अन् ते सोयरीक बी तिथंच संपली.

घरी येता येता मी म्हनलं, "तानुबाई, भावाचं घर मोडलं व."

"मोडालेच गेली होती," ते म्हने. "चाल, चार भाकरी टाकू. लई दिवसानं भूक लागली."