खेड डेपोची सिंगल बेल

जमीन दोनशे फुटांवर आली असताना मिहीर म्हणाला, "गो अराउंड."

विमान चालवत होती त्याच्या शेजारच्या खुर्चीतली प्रणाली गमरे. तिने इंजिनांचा जोर वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले, नाक वर उचललं आणि समोरची धावपट्टी पोटाखालून मागे निघून गेली. गो अराउंड म्हणजे उतरणं रद्द करून पुन्हा वर जाणं. मी दोघांच्या मागे बसलो होतो आणि मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटत होता. कारण प्रणालीचं उतरणं अगदी व्यवस्थित चाललं होतं. मिहीरने उगाच अडवलं होतं.

विमान खरं नव्हतं, सिम्युलेटर होता. आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर पडद्यावरचं आकाश आणि खाली हलणारे लोखंडी पाय. मी त्या वेळी एका लो-कॉस्ट एअरलाइनमध्ये कॅप्टन आणि परीक्षक होतो. नोकरीसाठी आलेल्या पायलटांना या खोक्यात बसवायचं, त्यांच्यावर एकेक संकट सोडायचं आणि ते काय करतात हे बघायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं पायलट दिवसभर सूर्यास्त बघत हिंडतो. मी बरीच वर्षं एका बिनखिडकीच्या इमारतीत दुसऱ्यांची इंजिनं बंद पाडत बसलो होतो.

तो काळ भरतीला वाईट होता. कंपनीने मागवलेली विमानं वेळेवर येत नव्हती, त्यामुळे जागा थोड्या आणि लायसन्स घेऊन घरी बसलेली मुलं ढिगाने. त्यात खर्चाला कात्री. सिम्युलेटर आमचा स्वतःचा नव्हता, तासावर भाड्याने घ्यायचो. म्हणून दोन उमेदवारांना मिळून एक स्लॉट. अर्धा वेळ एकाने उडवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून लक्ष ठेवायचं. मग अदलाबदल. ठरलेल्या वेळात सगळे प्रकार झाले नाहीत तर उमेदवार 'इनकम्प्लीट', म्हणजे घरी. दुसरा स्लॉट कोणालाही नाही.

प्रणालीचं सगळं झालं होतं. राहिलं होतं ते फक्त एका इंजिनावर उतरणं, आणि तेवढ्यात हा गो अराउंड. सिम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की विमान पुन्हा दहा मैल मागे नेऊन ठेवता येतं. घड्याळ मात्र मागे नेता येत नाही. तिचा वेळ संपला होता. मी दिवे लावले आणि म्हटलं, चहा घेऊन या.

तिला आणखी जेमतेम दहा मिनिटं लागली असती. ती द्यायची तर मिहीरच्या अर्ध्या वेळातून कापावी लागणार, आणि त्याच्या ताटातलं उचलून तिला वाढायचा मला अधिकार नव्हता.

मी बाहेर येऊन वैद्य मॅडमना फोन लावला. त्या फायनान्सच्या, खर्चाचं सगळं त्यांच्या हातात. म्हटलं, दहा मिनिटं वाढवून द्या.

"कॅप्टन, सेंटरवाले दहा मिनिटं देत नाहीत, अख्खा तास देतात," त्या म्हणाल्या. "आणि समजा दिली. काल ज्या मुलाला तुम्ही इनकम्प्लीट म्हणून परत पाठवलंत, त्याला काय सांगायचं?"

मला राग आला. बाईंचं बरोबर होतं, म्हणून जास्त आला.

चहाच्या मशीनपाशी प्रणाली एकटीच उभी होती. हातात चहाचा कप, पण प्यायची विसरली होती. तिच्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त यंत्रांवर विसंबून उडवायची ती परवानगी. ती एकदा संपली की पुन्हा मिळवेपर्यंत कोणी दारात उभं करत नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेली मुलगी, तीन वर्षं घरी बसून कोणाच्या तरी बोलावण्याची वाट बघत होती. तिला यापुढे संधी नव्हती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आम्ही तिघेही मराठी निघालो होतो, त्यामुळे कॉकपिटबाहेर मराठीच चालू होतं. मी विचारलं, "तुझा वेग बरोबर होता. मग वर का गेलीस?"

"हो सर, बरोबर होता."

"मग?"

"त्याने सांगितलं ना."

"अगं, पण तो चुकला."

ती जरा गोंधळली, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखी. मग म्हणाली, "सर, माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, खेड डेपोला. कंडक्टरने सिंगल बेल दिली की बाबा गाडी थांबवायचे. का दिली ते गाडी थांबल्यावर विचारायचे. दाराशी कोणी लटकत असेल, कोणाचं पोर खाली राहिलं असेल. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. थांबायच्या आधी वाद घालायचा नाही."

मी रत्नागिरीचा. लाल गाडीच्या छताखालून जाणारी ती दोरी आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी टांगलेली घंटा बघतच मी शाळा-कॉलेज केलं. एक टोला थांब, दोन टोले चल. विमानातलाही नियम हाच आहे. दोघांपैकी कोणीही 'गो अराउंड' म्हटलं की उडवणाऱ्याने वर जायचं, चर्चा नंतर. इंधन जास्त जळतं, तरी कोणी जाब विचारत नाही. हे मी शेकडो मुलांना शिकवलं होतं. पण ऐन वेळी बऱ्याच जणांचा हात अडखळतो, कारण मनात येतं, माझं बरोबर आहे. हिचं खरोखरच बरोबर होतं आणि तरी हात अडखळला नव्हता. खरं सांगतो, मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं की चहा पी, गार होतोय.

मिहीर नाशिकचा. तो एव्हाना कोपऱ्यात बसून मघाचे आकडे पुन्हा बघत होता. तो उठून आमच्यापाशी आला.

"सर, माझा कॉल चुकला. एका इंजिनावर उतरताना वेग जास्त ठेवतात. माझ्या डोक्यात नेहमीचाच आकडा होता. मला वाटलं ही फार जोरात येतेय." मग म्हणाला, "तिला माझ्या वेळातून द्या."

मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. तुझ्यासाठी वेळ काठोकाठ आहे. दहा मिनिटं दिलीस तर एकही गोष्ट पुन्हा करून बघायला मिळणार नाही. तू इनकम्प्लीट झालास तर मी काही करू शकणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे. प्रणाली नको नको म्हणायला लागली. त्यावर तो तिला म्हणाला, "तू माझं ऐकून वर गेलीस ना? आता माझं ऐकून खाली उतर."

स्वतःचा वेळ उमेदवाराने कोणाला द्यावा यावर वैद्य मॅडमचा काही नियम नव्हता. असं कोणी करेल हेच कोणाला सुचलं नव्हतं.

प्रणाली उतरली. एक इंजिन बंद, तरी चाकं अशी टेकली की मला कळलंही नाही. त्यानंतर मिहीर उडवायला बसला.

तो चांगला पायलट होता. घाईत असूनही त्याने घाई केली नाही. एकेक प्रकार नीट पार पाडत तो शेवटच्या उतरण्यापर्यंत आला, तेच एका इंजिनावरचं. घड्याळात तेवढ्यापुरताच वेळ शिल्लक होता. प्रत्येकाला देतो तसा मी त्यालाही आडवा, झटके देणारा वारा दिला. तीनशे फुटांवर एक झटका आला आणि विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून बाजूला सरकायला लागलं. त्याने ते परत रेषेवर आणायचा प्रयत्न केला. थोडं आलं, पुन्हा गेलं, आणि खाली यायचा वेग वाढला. खरं विमान असतं तर त्या क्षणी वर जायला हवं होतं. पण वर गेला तर त्याची परीक्षा तिथेच संपणार होती, आणि हे कॉकपिटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मी परीक्षक. बोलायची मला परवानगी नाही. मी प्रणालीच्या मानेकडे बघत होतो. आपल्याला दहा मिनिटं देणाऱ्या माणसाची नोकरी आता तिच्या एका शब्दावर होती. ती गप्प बसली असती तर मिहीर कदाचित कसाबसा टेकला असता.

"गो अराउंड," ती म्हणाली.

आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट होते. मिहीरने लिव्हर पुढे ढकलले. धावपट्टी मागे गेली, आम्ही वर निघालो आणि ढगात शिरेपर्यंत वेळ संपला.

मी दिवे लावले. प्रणाली दोन्ही हातांत तोंड घेऊन रडत होती. मिहीर तिला म्हणाला, "अगं, बरोबर होता कॉल. मी तिरका चाललो होतो." हे तो मनापासून म्हणत होता.

मी त्याच संध्याकाळी वैद्य मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. प्रणाली पास, मिहीर इनकम्प्लीट, असं सांगितलं. मग काय काय घडलं ते सगळं सांगितलं. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "जादा तास मी देणार नाही."

मी म्हटलं, मी मागायला आलोच नाही. फक्त तुम्हाला ठाऊक असावं. आपली खरी बचत कुठली, तर असली मुलं घेतल्यामुळे टळलेला अपघात. त्याचं बिल कधी येत नाही, म्हणून ते तुमच्या हिशेबात दिसत नाही.

"भाषण नको, कॅप्टन," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. सगळेच उमेदवार पूर्ण वेळ घेतात का?"

"नाही. कोणी आधीच नापास होतो. कोणी लवकर संपवतो."

"मग उरलेला वेळ?"

"वाया जातो."

"तो आपण विकत घेतलेलाच असतो ना? मिहीरला म्हणावं, सेंटरवर येऊन बस. कोणाचा वेळ उरला तर तो त्याचा. आणि कालच्या त्या मुलालाही कळवा, त्यालाही हाच नियम." एवढं बोलून त्या पुढच्या कामाला लागल्या. खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांना मन नसतं असं मी बरीच वर्षं समजत होतो. त्यांना मन असतं, फक्त ते वाया घालवत नाहीत.

मिहीर रोज येऊन बाकावर बसायला लागला. प्रणालीचं काम झालं होतं, ती गावी जाऊ शकत होती. गेली नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीत कोणीतरी लागेल ना, म्हणाली. दोघं बाकावर बसून एकमेकांना आकडे विचारत. शेवटी एका दुपारी एका उमेदवाराने वेळेआधी काम संपवलं. मी दार उघडून मिहीरला हाक मारली, तर दोघंही उठले. मी तोच आडवा वारा दिला. या वेळी तो सरळ उतरला.

दोघांनाही घेतलं. प्रणालीला ऑफर मिळाली तेव्हा तिने बाबांना दोनच शब्द पाठवले होते, "डबल बेल". हे तिने मला नंतर सांगितलं.

आता मी निवृत्त होऊन रत्नागिरीत राहतो. इथलं विमानतळ कधी सुरू होणार असं लोक मलाच विचारतात, जणू किल्ली माझ्या खिशात आहे. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस प्रणालीचे वडील खेडहून मला भेटायला आले. ताठ चालणारे, कमी बोलणारे गृहस्थ. घरच्या काजूची पिशवी टेबलावर ठेवून बराच वेळ अंगणातल्या झाडांविषयी बोलले. मग जे विचारायला आले होते ते विचारलं.

"साहेब, माझ्या पोरीनं त्या पोराला सिंगल बेल दिलान, ता बरोबर केलान ना? त्याची नोकरी जायची व्हती."

"बरोबर केलं," मी म्हटलं. "तिने ती दिली नसती तर मी तिला नापास केलं असतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "घाटात एकदा माझ्या कंडक्टरनं अशीच दिलान. मी थांबलो. मागं बघतो तर कायच नाय, त्याचं कोपर लागलं व्हतं दोरीला. लई ओशाळला बिचारा."

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काय म्हणायचं? काय बोललो असतो तर पुढच्या टायमाला खरी द्यायला कचरला असता. डबल बेलची वाट बघत बसलो."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. खेडच्या गाडीत ते पुढच्याच सीटवर बसले, ड्रायव्हरच्या मागे. कंडक्टरने दार ओढून डबल बेल दिली. खिडकीतून मला दिसलं, गमऱ्यांचा डावा हात आपसूक गिअर टाकायला पुढे झाला आणि रिकामाच मांडीवर परत आला.

मी पायलट निवडायची खूप सेशन्स केली. कोण किती छान उतरवतो हे बघण्यात आमचा बहुतेक वेळ जायचा. उतरवायला बऱ्याच जणांना येतं. आपलं बरोबर असतानाही थांबणारी आणि दुसऱ्याचं नुकसान होत असतानाही त्याला थांबवणारी एक, आणि आपली नोकरी जात असतानाही थांबणारा दुसरा, असे दोघे मला एकाच खोक्यात, भाड्याच्या वेळात आणि एका रुपयाचाही जादा खर्च न होता मिळाले.